मुलाचे जम्प शॉट आणि माझा कपडा: पूल टेबल वाचवायचं कसं?

खारघरचा_बाबा

नमस्कार मंडळी. वाशीतलं एक पूल पार्लर बंद होत होतं, तिथून दोन वर्षांपूर्वी आठ फुटी टेबल उचललं. खाली तीन तुकड्यांची स्लेट (दगडी पाट), लाकूड ठणठणीत, कपडा मात्र पार जुनेर. गेल्या डिसेंबरात नवा निळा कपडा घातला. बसवणारे मिस्त्री ठाण्याहून आले होते. दिवसभर खपले आणि जाताना म्हणाले, "साहेब, नीट खेळलात तर पाचसहा वर्षं बघायला नको."

हे वाक्य माझ्या मुलाच्या कानावर पडलं नसावं.

चिरंजीव अकरावीत आहेत. ते पूल खेळत नाहीत, 'शॉट' मारतात. पांढरा बॉल दुसऱ्या बॉलवरून उडवायचा (जम्प), स्टिक जवळजवळ उभी धरून बॉलला वेलांटी घ्यायला लावायची (मसे), एका फटक्यात सहा बॉल सहा पॉकेटांत. मोबाइल स्टँडला लावून एकेका शॉटचे तीसचाळीस टेक. पावसात पांडवकड्याच्या धबधब्याकडे कुणी फिरकू देत नाही, त्यामुळे त्याचे तीन मित्रही आमच्याच खालच्या खोलीत मुक्कामाला.

काल संध्याकाळी लाइट गेली. मी टॉर्च टेबलावर आडवा धरला आणि पोटात गोळाच आला. एरवी सपाट दिसणारा कपडा देवीचे व्रण असल्यासारखा दिसला. ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारतात तिथे पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी, मधल्या पॉकेटजवळ आणखी दहाबारा. एका जागी नखाच्या कोरीएवढी चीर. बोट फिरवलं तर खालची स्लेट गार लागते.

मुलाला बंदी घालायची नाही. दहावीनंतर पहिल्यांदाच पोरगं कशात तरी रमलंय. पण दर वर्षी कपडा बदलणंही परवडणारं नाही. सौ.चा उपाय सोपा आहे: टेबल विका, तिथे शिलाई मशीन ठेवू. तुमच्याकडे मधला मार्ग आहे का?

आळशी_अजगर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

नौपाड्याची_नात

मधला मार्ग कशाला? सरळ बंदी घाला. आमच्या लहानपणी कॅरमबोर्डवर कोणी उड्या मारल्या असत्या तर आजोबांनी स्ट्रायकर कपाटात कुलूपबंद केला असता. वस्तूची किंमत कळायला नको का मुलांना?

टवाळ_ठाणेकर

@नौपाड्याची_नात, माझ्या भावाने मारल्या होत्या. स्ट्रायकर थेट शेजारच्या काकूंच्या वरणात. काकूंनी तो धुऊन परत दिला, वरण मात्र आम्हाला प्यावं लागलं.

स्लेटपाटी

नुकसान कशाने होतं ते आधी पाहा, मग उपाय.

जम्प शॉट म्हणजे बॉलच्या खाली स्टिक घालून तो उचलणं नव्हे. तसं केलं तर तो फाउलच. स्टिकचं मागचं टोक वर उचलून बॉलवर तिरका, खालच्या दिशेने फटका मारायचा. बॉल स्लेटवर आपटतो आणि उसळतो. बॉल सव्वादोन इंची, वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. खाली इंचभर जाडीचा दगड, वर कडक फिनॉलिक प्लास्टिकचा गोळा आणि मधे मिलिमीटरभर कापड. पाटा, वरवंटा आणि मधे चटणी. चटणी कोण ते सांगायला नको.

पांढरे ठिपके बहुतेक भाजल्याचे डाग असतात. जोरदार फटक्यात बॉल क्षणभर गोल फिरायच्या आधी नुसता घसरतो. त्या घर्षणाने लोकरीचे आणि नायलॉनचे तंतू करपतात. गडद रंगावर ते जास्त उठून दिसतात. हे डाग ब्रेकनेही पडतात, सगळं खापर पोराच्या माथी फोडू नका. बाबा, तुम्ही स्वतः ब्रेक रोज एकाच जागेवरून मारता ना?

चीर मात्र मसेची. त्यात स्टिक उभी असते. बॉल निसटला की टिप (स्टिकच्या टोकाची चामडी टोपी) थेट कपड्यात.

खारघरचा_बाबा

@स्लेटपाटी, पकडलंत. ब्रेक एकाच जागेवरून मारतो. तिथे माझा 'हात बसलाय'.

नौपाड्याची_नात

चटणी, वरण... मला भूक लागली. बाकी मत कायम आहे.

जुना_मार्कर

एका जिमखान्यात एकवीस वर्षं मार्कर (गुण मोजणारा, टेबल सांभाळणारा) होतो. आता रिटायर, कळव्याला असतो. टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

आमच्याकडे बिलियर्ड्स आणि स्नूकर. त्या टेबलावर बॉल उडवणं म्हणजे पापच. स्नूकरमध्ये तर बॉलवरून उडी हा फाउलच आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. आमचे जुने मेंबर त्यांचं नाव असं घ्यायचे की नवशिक्याने आपोआप स्टिक आडवी करावी. पुढे क्लबात पूलचं टेबल आलं आणि मेंबरांची मुलं उड्या मारायला लागली. सेक्रेटरींनी पाटी लावली: 'मसे मारू नये. कपडा फाटल्यास भरपाई घेतली जाईल.' पाटी वाचून ज्यांना मसे म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तेही विचारायला लागले. म्हणून सांगतो, बंदीने काही होत नाही.

खारघरच्या साहेबांनी पहिलं काम टिप बघायची. झिजून चपटी झाली असेल किंवा कडेने फुलून छत्रीसारखी झाली असेल तर आजच बदला. टिपला नाण्याच्या कडेसारखी गोलाई हवी. मी मेंबरांना खिशातलं नाणं काढून टिपवर ठेवून दाखवायचो. टिप पार झिजली की खालचा पांढरा कडक भाग पुढे येतो, तो ब्लेडसारखा कापतो. तुमची चीर त्यानेच पडली असणार. पोरांना चपटी टिप चालते कारण त्यांना आवाज मोठा हवा असतो.

दुसरं, टिपला घासायचं चॉक. चॉक टेबलावर धरून लावायचं नाही, हात बाहेर न्यायचा. कुशनवर (टेबलाच्या काठावर) ठेवताना निळं तोंड वर. चॉकची पूड म्हणजे बारीक पॉलिश पेपर. ती कपड्यात बसते, बॉलला चिकटते आणि प्रत्येक शॉटला घासते. बॉल आठवड्यातून एकदा तरी मऊ फडक्याने पुसायचे. घाण बॉलने जितके कपडे गेलेले पाहिलेत तितके मसेने नाही पाहिले.

तिसरं, ठिपका खरंच भाजलेला आहे का ते बघा. मऊ फडकं जेमतेम ओलं करून, घट्ट पिळून हलकं फिरवा. गेला तर चॉक होता. नाही गेला तर तो आता घरचाच माणूस.

आणि मिस्त्रींनी कपडा कापल्यावर पट्टी उरते. ती कुठे आहे? पोराला त्यातला वीतभर तुकडा द्या. जम्प मारायचा असेल तर पांढऱ्या बॉलखाली तो ठेवूनच मारायचा. ब्रेकलाही तसंच.

टवाळ_ठाणेकर

काका, दंडवत. 'घरचाच माणूस' ह. ह. पु. वा. (हसून हसून पुरेवाट)

वरणभात_लिंबू

मी घोडबंदरला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि टेबल घ्यायच्या विचारात आहे. या धाग्याने घाम फोडला. घरात घ्यावं की नाही? सोसायटी परवानगी देईल का? की लाकडी बेडचं हलकं घेऊ?

इंजिनियर_ऐरोली

@वरणभात_लिंबू, अवांतर होतंय, पण घरात टेबल घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. आठ फुटी स्लेटचं टेबल तीनशे ते चारशे किलोच्या घरात जातं. इमारतींवरच्या भाराच्या आपल्या मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ८७५ (भाग २) प्रमाणे, राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो चल भार (माणसं आणि सामानाचा) धरून करतात. टेबलाच्या एकूण क्षेत्रफळावर भार वाटला तर आकडा बसतो. पण टेबल हवेत तरंगत नाही, पायांवर उभं राहतं, आणि भोवती चार माणसं वाकलेली असतात. पाय तुळईजवळ येतील का ते बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. फोरमवर माझ्यासारख्याला विचारू नका.

हलकं म्हणून एमडीएफचं (दाबलेल्या लाकूडभुश्याच्या बोर्डाचं) घ्याल तर ट्रिक शॉट विसरा. बॉल आपटून त्यात खळगे पडतात, आणि आपल्या पावसाळ्यात तो बोर्ड फुगतो तो वेगळाच.

गौरीची_आई

आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांचा विचार करा हो. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये आहे टेबल. रात्री अकराला बॉल फरशीवर पडतो आणि टप्पे घेत घेत पलंगाखाली जातो. आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या टप्पे मोजतो. सात झाले की यजमान म्हणतात, "आता झोप."

खारघरचा_बाबा

@गौरीची_आई, आमचं रो-हाउस आहे, खाली फक्त जमीन. पण बॉल बाहेर जातो हे खरं. मागच्या आठवड्यात एक बॉल टेबलावरून उडून दारातून अंगणात गेला आणि तुळशीच्या कुंडीचा कान उडवला. सौ.चा विरोध तिथून सुरू झालाय, कपड्यावरून नाही.

ऐरोलीचा_पोट्या

हाय. वय २२. मी ट्रिक शॉट मारतो, म्हणजे धाग्यातला आरोपी मीच समजा.

मार्करकाकांचं सगळं बरोबर, पण जम्प आणि मसेपेक्षा एक गोष्ट जास्त कपडा खाते, ती कोणीच लिहिली नाही. एका फटक्यात सहा बॉल घालायचे तर ते एकमेकांना घट्ट चिकटून राहायला हवेत. कपड्यावर ते नीट राहत नाहीत, सरकतात. मग आम्ही काय करतो? बॉल जागेवर ठेवून वरून दुसऱ्या बॉलने ठकठक ठोकतो. खाली बारीक खळगा पडतो आणि बॉल त्यात बसतो. शॉट मस्त होतो. पण तो खळगा तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी सरळ खेळताना हळू चाललेला बॉल तिथे येऊन वळतो. बाबा, मधल्या पॉकेटजवळचे दहाबारा ठिपके सहाबॉली शॉटचे आहेत. पैज लावतो.

उपाय: पातळ प्लास्टिकची रॅक शीट मिळते, भोकं असलेली. तिच्यावर बॉल ठेवला की न ठोकता बसतो. नसेल तर बॉल चिकटतात तिथे जीभ लावलेलं बोट फिरवतात, पण ते आईसमोर करू नका.

जागा लक्षात ठेवायला काही जण फाइलच्या भोकांना लावतात ते गोल स्टिकर कपड्यावर चिकटवतात. महिनाभर ठेवले तर गोंद राहतो. त्यापेक्षा सेटअपचा वरून फोटो काढायचा.

एका बाबतीत मात्र काकांच्या क्लबातल्या पाटीशी असहमत. मसेवर बंदी नको. जोर नको, एवढंच. नवशिका व्हिडिओत फ्लोरियन कोहलरसारख्या ट्रिक शॉटवाल्यांचे उभे मसे बघतो आणि पहिल्याच दिवशी कुऱ्हाड घालतो. आधी स्टिक अर्धीच तिरकी, बॉल हातभर वळला तरी पुरे. टिप बॉलवरून पुढे जाऊन कपड्यात घुसायला नको, हात तिथेच थांबायला हवा. हे जमेपर्यंत उभा मसे नाही. मी स्वतः तीन महिने थांबलो. म्हणजे दोन. बरं, सहा आठवडे.

जुना_मार्कर

@ऐरोलीचा_पोट्या, ठोकण्याचं बरोबर पकडलंस. आमच्याकडे रॅक (सुरुवातीची बॉलची तिकोनी मांडणी) लावताना मेंबर ठोकायचे, त्या जागी आम्हीही हेच बघायचो. मसेबद्दल तुझं वय बोलतंय. पण अडवत नाही.

हिशेबी_माणूस

सगळे कपड्याभोवती फेर धरून नाचताय. कपडा हा टायर आहे. झिजणारच. टायर झिजतो म्हणून गाडी कोणी गॅरेजात ठेवतं का? महागाची वस्तू स्लेट, मग कुशनचं रबर. कुशनवर स्टिक टेकवून जम्प मारतात, त्यात रेलला (काठाच्या लाकडाला) पोचे येतात, ते बघा. कपडा मुलाच्या खर्चाने बदला, म्हणजे तो आपोआप हळू मारेल.

नौपाड्याची_नात

हे मात्र पटलं. बंदी मागे घेते. वसुली करा.

स्लेटपाटी

@हिशेबी_माणूस, टायरची उपमा अर्धीच लागू होते. टायर चारही बाजूंनी सारखा झिजतो. इथे एकाच जागी खड्डा पडतो आणि बाकीचा कपडा नव्यासारखा असतो. मग पूर्ण कपडा बदलायचा. म्हणून झीज पसरवा. ब्रेक कधी डावीकडून, कधी उजवीकडून. ट्रिक शॉटला टेबलाचा एकच अर्धा भाग ठरवा आणि दुसरा अर्धा साध्या खेळाला चांगला ठेवा. हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहे हे मला कळतंय, पण दोन्हींत तथ्य आहे.

कोपरीची_कमल

तुम्ही सगळे पोरावर घसरलात, पावसाकडे कोणाचंच लक्ष नाही. आमच्याकडे सासऱ्यांचं जुनं स्नूकर टेबल होतं, दहा वर्षं रेक्झिनच्या कव्हरखाली. खेळायचं कोणी नाही, कव्हर काढायचं कोणी नाही. एका श्रावणात उघडलं तर कपड्याला कसर लागलेली. लोकर ती, कशी सोडेल? जाळीच झाली होती. कव्हर रात्री घाला, पण पावसात दिवसा काढून पंखा लावा. दमट कपड्यावर बॉल जड चालतो, मग मुलं आणखी जोर लावतात आणि आणखी खुणा पडतात. टेबलाखाली डांबराच्या गोळ्या ठेवा.

टवाळ_ठाणेकर

टेबलावर ठेवू नका. पांढऱ्या म्हणून पोरं खेळायला घेतील.

खारघरचा_बाबा

सगळ्यांचे आभार. पहिला प्रयोग काल झाला, तो सांगतो आणि हशाला तयार राहतो.

उरलेली पट्टी सापडेना म्हणून चिरंजीवांनी डोकं चालवलं आणि अख्ख्या टेबलावर सोलापुरी चादर अंथरली. "बाबा, आता कपडा सेफ." जम्प मारला. बॉल एकदा उसळला, चादरीच्या सुरकुतीत पडला आणि तिथेच झोपला. पोरांनी त्याचंही रील केलं. सध्याचं त्यांचं सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं रील तेच आहे.

टिप पाहिली. काका म्हणाले तशीच, छत्री. पोट्या पैज जिंकला. ठिपके ठोकण्याचेच निघाले, मुलाने कबूल केलं. ओल्या फडक्याने ब्रेकच्या जागचे अर्धे गेले, बाकीचे घरचे झाले.

वरणभात_लिंबू

चादर सिंगल की डबल?

ऐरोलीचा_पोट्या

😂 दादा, त्याला सांगा पुढचा टेक वाळवणाच्या पापडांवर.

इंजिनियर_ऐरोली

एक शंका. तुकडा बॉलखाली ठेवला की फटक्याची जागा वाचली. पण बॉल जिथे उतरतो तिथलं काय? तोही वरूनच येतो ना?

ऐरोलीचा_पोट्या

@इंजिनियर_ऐरोली, बरोबर प्रश्न. तिथे कमी लागतं कारण तो पुढे जात जात उतरतो. तरी लागतंच. म्हणून उडी जेवढी लागेल तेवढीच. मधल्या बॉलवरून जेमतेम जायचं, सीलिंगला हात लावून यायचं नाही. कॅमेऱ्यात उंच उडी भारी दिसते हेच खरं दुखणं आहे. मोबाइल कुशनच्या पातळीला खाली ठेवला तर बुटकी उडीही उंच दिसते. ही ट्रेड सिक्रेट फुकट दिली.

हिशेबी_माणूस

म्हणजे कपडा वाचवायचा उपाय कॅमेरा खाली ठेवणं. या धाग्यावर आलो त्याचं सार्थक झालं.

खारघरचा_बाबा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी.

पट्टी सापडली. सौ.ने ती डिसेंबरातच शिलाई मशीनच्या पायाखाली घातली होती, आवाज होऊ नये म्हणून. म्हणजे मशीन घरात आधीपासून होतंच, आणि मला टेबल विकून तिथे मशीन ठेवायला सांगत होत्या! बराच वाद होऊन अर्धी पट्टी परत मिळाली.

तिच्यातून वीतभराचे चार तुकडे काढले. जम्पला तुकडा लावल्यावर गंमत झाली: उडी उलट सोपी झाली. खाली दोन थर म्हणून बॉल बरा उसळतो असं पोराचं म्हणणं. आता तो तुकड्याशिवाय जम्प मारायला तयारच नाही. मला सांगायची गरजच उरली नाही.

मसेचं मात्र फिसकटलं. बॉल तुकड्यावरून उतरताना कडेला ठेच खातो आणि वळण बिघडतं. तेव्हा तह असा झालाय: मसे दिवसाला दहा, स्टिक अर्धी तिरकी, आणि फक्त दाराकडच्या अर्ध्या टेबलावर. रॅक शीट मागवली. ब्रेक मी आता तीन जागांवरून मारतो आणि तिन्ही जागांवरून वाईट मारतो.

चिरीच्या दोन्ही कडा मिस्त्रींनी खालून चिकटवून दिल्या. बोट फिरवलं तर अजून कळते, बॉलला कळत नाही.

जुना_मार्कर

कडा चिकटवल्यावर दोन दिवस तिथून खेळला नाहीत ना?

खारघरचा_बाबा

मी नाही खेळलो, काका.

जुना_मार्कर

समजलं.

गौरीची_आई

तुळशीला नवी कुंडी आणली की नाही?

खारघरचा_बाबा

आणली. जाड सिमेंटची. आणि दार आता शॉटच्या वेळी बंद असतं, हा तहातला पहिला कलम आहे, सौ.नी घातलेला.

आळशी_अजगर

रात्री सविस्तर लिहितो म्हणालो होतो. लिहायला बसलो तर वर सगळं आलेलंच आहे. एवढंच विचारतो, ते चादरीचं रील कुठे बघायला मिळेल?